एकतीस घरांची फरशी

फकिरा गवंड्याने देवीच्या मंडपात चौथ्यांदा फरशी मांडली, चौथ्यांदा एक दगड उरला, आणि गावात त्याची पार शोभा झाली. आता हा गवंडी काही असातसा नव्हे बरं! त्याने बांधलेल्या विहिरी बघायला गुडीहत्नूरपासून वांकिडीपर्यंतची माणसं यायची. आणि हा बाबा अडकला कुठे, तर आठ हात लांब, आठ हात रुंद एवढ्याशा मंडपात.

गोष्ट एकोणनव्वद सालची. गावात उंबरे एकतीस. देवीपुढे फरशी करायची ठरली तेव्हा प्रत्येक घराने एक दगड द्यायचा असं ठरलं. दोन हात लांब, एक हात रुंद, आणि वर घरच्या कर्त्याचं नाव कोरलेलं. दगड तोडायचा मात्र नाही. ज्याचा दगड तुटला त्याचं घर मोडलं, अशी लोकांची पक्की समजूत. हाताहाताचे चौकोन पाडले तर मंडपात ते चौसष्ट होत. एका कोपऱ्यात दीपमाळ, तिच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यात निशाणाचा ओटा. दोन गेले, उरले बासष्ट. आणि एकतीस दगडांखाली चौकोन किती? बासष्ट! गावातलं थोर माणूस उद्धवराव, त्यांनी तर तिथल्या तिथे जमिनीला डोकं टेकलं.

"आईनं सोताच मोजून घेतलं रे!" ते म्हणाले. मोजणी अशी नेमकी जुळल्यावर शंका काढायची कोणी?

फकिराने दगड आधी कोरडेच मांडून पाहिले. ज्या क्रमाने गावातून आले त्याच क्रमाने. तीस बसले, आणि जे दोन चौकोन रिकामे राहिले ते एकमेकांपासून चार हात लांब. उरलेला दगड बयनाबाईचा. नवरा गेल्यावर एकटीने शेती ओढणारी बाई, दगडावर तिने स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. तिच्या नवऱ्याचं आणि फकिराचं एका विहिरीच्या कामावरून बिनसलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक. झालं! लोकांना तेवढंच पाहिजे होतं.

"काऊन रे फकिरा," ती भर मंडपात म्हणाली, "मेलेल्या मानसावरचा राग माह्या दगडावर काढून राह्यला का?"

फकिराच्या वर्मी लागलं ते. त्याने सगळे दगड उचलले, बयनाबाईचा सगळ्यात आधी देवीसमोर मांडला, आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला उरला कोणाचा? खुद्द उद्धवरावांचा! त्यांच्या पोरांनी असा गोंधळ घातला की विचारू नका. तिसऱ्यांदा उभे-आडवे बदलून पाहिले, चौथ्यांदा मधून सुरू करून कडेला आला. दर वेळी एक दगड वर, दोन चौकोन रिकामे, आणि ते शेजारी येतील तर शपथ. लोक म्हणू लागले, हात गेला याचा. कोणी म्हणे, देवीच कोपली. दसऱ्याच्या आत फरशी झाली नाही तर निर्मळचा गवंडी आणायचा, असं उद्धवरावांनी सांगून टाकलं. तीस वर्षांची थापी अशी दसऱ्यापर्यंतच्या दहा दिवसांवर आली.

गावच्या शाळेत सुधाकरराव गुर्जी गणित शिकवत. त्या वर्षी दर शनिवारी ते आदिलाबादच्या कॉलेजात जात. तिथे मास्तर लोकांसाठी गणिताची व्याख्यानमाला चालली होती, विविक्त गणित म्हणून. वरंगळहून वरलक्ष्मी मॅडम यायच्या. गुर्जींनी एकदा चहाच्या वेळी त्यांना फरशीची गोष्ट सहज सांगितली. मॅडम आधी हसल्या, मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, त्या मेस्त्रींना घेऊन या.

"मले काऊन नेता गुर्जी?" फकिरा चिडला. "गावात झाली ते शोभा कमी हाय का? आता सायबांपुढंबी करा."

"चाल रे, गप," गुर्जी म्हणाले. "हे गनित दगडाचंच हाय. माप नाई, वजन नाई. नुसतं एक दगड, दोन दगड, कोन कोनाच्या बाजूले हाय, येवढंच."

कॉलेजात पंधरा-वीस मास्तर बाकांवर बसलेले. फकिराने चपला बाहेर काढल्या आणि दाराशीच उभा राहिला. मॅडम ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, पदर खोचलेला. त्यांनी फळ्यावर आठ गुणिले आठ चौकोन आखले होते, एक सोडून एक खडूने भरले होते. दीपमाळेचा आणि निशाणाचा चौकोन फुलीने खोडला होता. त्या तेलुगूत बोलत आणि गुर्जी मराठीत सांगत.

"मेस्त्रीगारू, चारही वेळी कुठले चौकोन रिकामे राहिले ते आठवतं का?"

आठवतं का! रात्र रात्र डोळ्यांसमोर दुसरं काय होतं? फकिराने मान हलवली.

"तुम्ही दाखवायच्या आधी मी सांगते," मॅडम म्हणाल्या. "आठच्या आठ चौकोन खडूने भरलेले निघतील. कोरा एकही निघणार नाही."

फकिरा फळ्याशी गेला. ही बाई कधी गावात आली नाही, मंडप पाहिला नाही, आणि सांगते काय? त्याने पहिल्या वेळचा चौकोन बोटाने दाखवला. भरलेला. दुसरा. भरलेला. उद्धवरावांच्या वेळचे दोन, तिसऱ्या वेळचे दोन, सगळे भरलेले. शेवटच्या दोघांवर त्याने बोट टेकवलं. आठही भरलेले!

"बाप्पा बाप्पा!" तो पुटपुटला. "गुर्जी, इले कसं दिसलं हे?"

मॅडमनी खडूची पेटी त्याच्या हातात दिली. "हा तुमचा दगड. ठेवा कुठेही."

ठेवला. पेटीखाली एक कोरा, एक भरलेला. आडवी ठेवली, उभी ठेवली, कोपऱ्यात ठेवली. नेहमी एक कोरा आणि एक भरलेला. दुसरं होणारच कसं, शेजारचा चौकोन वेगळाच असणार ना!

"म्हणजे एकतीस दगडांना कोरे किती लागतील?"

"एकतीस," फकिरा म्हणाला. "आन् भरलेलेबी एकतीस."

"आता मोजा."

त्याने बोटाने मोजले. दीपमाळेने खाल्लेला चौकोन कोरा. निशाणाने खाल्लेलाही कोराच. कोरे राहिले तीस आणि भरलेले बत्तीस. फकिराने पुन्हा मोजले. मग तो फळ्यासमोर खाली बसला, जमिनीवरच. चार वेळा नव्हे, चार जन्म मांडली असती तरी ती फरशी बसली नसती. त्याचीच काय, त्याच्या बापाची, निर्मळच्या गवंड्याची, जगातल्या कुठल्याच गवंड्याची बसली नसती. आणि हे कळायला एकही दगड उचलावा लागला नाही. खडूचे दोन रंग पुरले.

"मंग आता?" त्याने विचारलं. "निशान सरकवलं तर?"

"भरलेल्या चौकोनात न्या. कुठल्याही."

"कुठल्याबी? आन् बसंलच?"

मॅडमनी एक खडू घेतला आणि फळ्यावर वाट काढली. एका कडेने सरळ खाली, मग नागमोडी वर, चौसष्ट चौकोनांतून फिरून परत पहिल्याशी. सुतळीचं वेटोळंच. त्या वाटेवर कोरा, भरलेला, कोरा, भरलेला, असेच चौकोन येत होते. एक कोरा आणि एक भरलेला कापून टाकला की सुतळीचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्यात चौकोन जोडीजोडीनेच उरतात. त्या वाटेने दगड मांडत जायचं. न बसून जातील कुठे?

परतीच्या एसटीत फकिरा खिडकीच्या काचेवर बोटाने चौकोन आखत बसला. गुडीहत्नूर आलं तेव्हा म्हणाला, "गुर्जी, मी तीस वरसं आंधळ्यावानीच काम केलं म्हना की."

निशाणाची काठी दसऱ्याला उपटून नवी रोवतातच. या वर्षी ओटाच एक हात बाजूला घ्या, असं त्याने उद्धवरावांना सांगितलं. कोळसा आणि चुना घेऊन मंडपात चौकोन रंगवून दाखवले. उद्धवराव बराच वेळ मोजत राहिले. ओठ हलत होते.

"मोजनी त मागंबी जुळली होती फकिरा," ते शेवटी म्हणाले. "ओटा हलवला, देवीचं निशान हलवलं, आन् पुन्हा एक दगड उरला तर? ते घर गावात तोंड कसं दाखवीन?"

सगळा गाव बघत होता. फकिरा म्हणाला, "बयनावैनीचा दगड पयला मांडतो. माहा शेवटी. उरला तर माह्यं घर उरंल."

त्याची बायको मागून "अवो!" म्हणाली, पण शब्द तोंडातून गेला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने मांडायला घेतलं. एरवी तो दर दगडाला थांबायचा, मागे सरून बघायचा. आज नाही. बयनाबाईचा दगड देवीपुढे ठेवला आणि तिथून ती वाट धरली, सरळ खाली, मग नागमोडी वर. दहा झाले, वीस झाले. पंचविसाव्याला लोक उठून उभे राहिले. तिसावा बसला तेव्हा मंडपात दोन चौकोन राहिले होते, एक काळा, एक पांढरा, शेजारी शेजारी. फकिराने आपलं नाव कोरलेला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि त्यात सोडला. ठाक्कन बसला. उद्धवरावांनी पागोटं काढून हातात घेतलं.

बयनाबाई पुढे आली. आपल्या दगडाकडे गेली नाही, फकिराजवळ आली.

"काऊन रे, तू आपला शेवटी ठेवला? उरला असता त?"

"उरत नोता वैनी."

"तुले काय मालूम?"

"मालूम होतं," फकिरा म्हणाला. "मांडायच्या आंधीच मालूम होतं." आणि एवढा बाप्या माणूस, हातावर चुना तसाच, ढसाढसा रडायला लागला.

"मंग रडून काऊन राह्यला बाप्पा?"

"एखांदी गोष्ट येवढी खरी असू शकते," तो म्हणाला, "हे मालूम नोतं."