माझ्या नकाराचा एकच आवाज

मी एक जुनी अंगठ्याची डबी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलं असेल. रेशनच्या दुकानात असते, विटेएवढी, काळी, अंगावर काचेची इवलीशी खिडकी असलेली. सरकारी कागदात माझं नाव वेगळं आणि लांबलचक आहे, पण पाथर्डी तालुक्यातल्या चिंचदऱ्यात मला त्या नावाने कोणी हाक मारली नाही. तिथे मी डबीच. आता माझ्या जागी नवी डबी आली आहे आणि मी आसाराम दुकानदाराच्या फळीवर रिकाम्या गोण्यांशेजारी पडून आहे. पडून राहिलं की मागचं आठवतं. त्यातलं जे सारखं आठवतं, ते सांगायची मला लाज वाटते. म्हणूनच सांगते.

माझा जन्म एका मोठ्या शहराजवळच्या कारखान्यात झाला. आम्ही शेकडो जणी एका पट्ट्यावरून सरकत होतो. पट्ट्याच्या टोकाला एक बाई बसली होती. ती प्रत्येकीच्या काचेवर स्वतःचा अंगठा ठेवून पाहायची. तो मी ओळखलेला पहिला अंगठा. मी हिरवा दिवा लावला, गोड आवाज केला आणि ती बाई माझ्याकडे पाहून हसली. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार.

माझं काम तसं सोपं. माणूस काचेवर अंगठा ठेवतो. मी त्याच्या रेषा उचलते, हवेतून दूरच्या मोठ्या यंत्राकडे पाठवते आणि विचारते, हाच का तो माणूस? तिकडून होकार आला की हिरवा दिवा, पावती, आणि माणसाच्या पिशवीत गहू-तांदूळ. म्हणजे ओळखणारी मी नव्हे. मी निरोप नेणारी. निरोपाला वाट लागते, आणि त्या वाटेला लोक रेंज म्हणतात.

तालुक्याच्या गावी आम्हाला दुकानदारांच्या हाती दिलं, त्या दिवशी रेंज भरपूर होती. साहेबांनी सांगितलं, आता कोणाचं धान्य दुसरा कोणी उचलणार नाही. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. आसारामने मला धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलं आणि टेम्पोत मांडीवर घेऊन बसला. मीही फुगले होते.

चिंचदरा तीन बाजूंनी डोंगरात आहे. टॉवर डोंगराच्या पलीकडे. आसारामने मला दुकानात सुरू केलं आणि माझ्या पडद्यावर रेंजची एकही काडी उमटली नाही. तो मला घेऊन घराच्या पत्र्यावर चढला, पाण्याच्या टाकीवर चढला, शाळेच्या मैदानाला फेरी मारून आला. शेवटी गावाच्या वरच्या अंगाला, खिंडीत, एका सपाट दगडावर ठेवल्यावर दोन काड्या आल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा सगळं गाव खिंड चढू लागलं. आधी वर जाऊन अंगठा, मग खाली येऊन धान्य. अर्ध्या तासाची चढण होती. छगन म्हणून एक बोलघेवडा माणूस होता, तो पहिल्याच दिवशी म्हणाला, इतकी वर्षं डोंगर नवसासाठी चढलो, आता गव्हासाठी चढायचा. सगळे हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

आता माझ्यातली खोट सांगते. माझा निरोप दोन कारणांनी अडतो. एक तर वाटच नसते, म्हणजे रेंज गेलेली असते. नाहीतर निरोप पोचतो, पण अंगठा जुळत नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वेळी दोष माझा, दुसऱ्या वेळी रेषांचा. पण मला घडवणाऱ्यांनी दोन्हीसाठी एकच लाल दिवा दिला आणि एकच आवाज दिला. फरक फक्त पडद्यावर इंग्रजीत लिहून येई, बारीक अक्षरात. खिंडीतल्या उन्हात तो पडदा वाचायची सवय सहसा कोणाला नव्हती. लाल दिवा लागला की माणूस आधी स्वतःच्या अंगठ्याकडे बघे. लुगड्याला-धोतराला पुसे, फुंकर मारी, पुन्हा ठेवी. हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आणि गप्प राहिले. दुसरा आवाजच नव्हता मला.

झुंबरबाई गावच्या खालच्या आळीत राहायची. पंचवीस हंगाम ऊस तोडलेली बाई. गुडघे गेले तसं तिने साखर कारखान्यावर जाणं सोडलं. दसरा झाला की मुलगा कल्याण आणि सून तोडीला जात, आणि नात आरती शाळेसाठी तिच्यापाशी राही. कार्डावर नावं चौघांची, पण पाडव्यापर्यंत गावात मोठा अंगठा एकच, झुंबरबाईचा.

ती पहिल्यांदा माझ्यासमोर आली तेव्हा तिने अंगठा पुढे केला नाही. आसारामला म्हणाली, वहीवर सही करते. गावातल्या प्रौढ वर्गात ती साठीला आल्यावर अक्षरं शिकली होती. आसाराम हसून म्हणाला, की आता सही चालत नाही, डबीला अंगठाच लागतो.

"आरं, अंगठा सोडायसाठीच तर मी दोन वर्सं पाटी घासली," ती म्हणाली. "तुमी पुन्हा अंगठ्यावरच आनलं व्हय मला?"

"सरकारच अंगठेबहाद्दर झालंय आक्का, आपन काय करनार," छगन म्हणाला.

तिने अंगठा ठेवला. रेषा झिजलेल्या होत्या, कोयत्याच्या मुठीने घासून घासून पुसट झालेल्या. पण होत्या. त्या वेळी वाट मोकळी होती. मी हिरवा दिवा लावला. पुढेही महिनोन्‌महिने लावला.

मग एका वर्षीचा कार्तिक आला. खिंडीत रांग लागली होती. झुंबरबाईच्या आधीच्या वीस जणांना हिरवा दिवा लागला. तिने अंगठा ठेवला आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. मी लाल झाले. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. आसारामला उशीर होत होता. तो म्हणाला, "आक्का, तुझ्या रेषा मिटल्यात. जरा बाजूला हो." ती बाजूला झाली, आणि रेंज परत आली. तिच्या मागच्या माणसाला पहिल्याच खेपेला हिरवा दिवा लागला. आता कोणाला शंका राहणार?

"उसानं अंगठा खाल्ला का काय आक्काचा," छगन म्हणाला, आणि लोक हसले. झुंबरबाईही हसली, पण तिने हात पदराखाली घेतला. सगळ्यांचं झाल्यावर तिने शेवटी पुन्हा अंगठा लावला. तेव्हा माझ्यात एकही काडी नव्हती. ती रिकाम्या हाताने उतरली.

मित्रांनो, त्या अंगठ्यात काही दोष नव्हता. मला ते ठाऊक होतं. माझ्या पडद्यावर ते लिहिलेलंही होतं.

पुढच्या महिन्यात आभाळ भरून आलं होतं आणि रेंज दिवसभर येत-जात होती. चौघांना मी लाल दाखवला. चौघांनाही आसारामने तेच सांगितलं, रेषा मिटल्या. तिघं तरणे होते. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून आले आणि त्यांचं काम झालं. झुंबरबाईही चढली, पण ती पोचेपर्यंत दुपार झाली आणि वाट पुन्हा बंद पडली. खिंडीत बायका आपसात बोलत होत्या, ते मी ऐकलं. झुंबरबाईने दुपारची भाकरी सोडली आहे. नातीला सांगते, मी शेजारी जेवून आले. बायका असंही म्हणत होत्या, की तीन महिने धान्य उचललं नाही तर कार्डावरची नावं निघतात. ते खरं की खोटं, मला माहीत नाही. पण झुंबरबाईला ते खरं वाटलं होतं, आणि तिसरा महिना उजाडला होता.

त्या महिन्यात अंगठ्याच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. माझ्यात तीन काड्या होत्या, कधी नव्हत्या तेवढ्या. रांग भराभर सरकली. झुंबरबाई पुढे आली. तिने हळूच अंगठ्याला बांधलेली चिंधी सोडली आणि अंगठा काचेवर ठेवला. काच ओली झाली. मी निरोप पाठवला, निरोप पोचला आणि उत्तर आलं. नाही. लाल दिवा, आणि तोच आवाज.

आसारामने तिचा हात उलटा केला. अंगठ्याच्या टोकाची कातडी निघाली होती.

"हे काय करून ठिवलंस, आक्का?"

"वजरीनं घासला," ती म्हणाली. "तूच म्हनला रेषा मिटल्यात. म्हनलं, वरचं मेलेलं कातडं निघालं तर खालून नव्या येतील. टाचंचं न्हाई का निघत?"

छगनने तिने सोडलेली चिंधी उचलून तिच्या हातात दिली.

तिच्या मागे अंगणवाडीची सविताबाई उभी होती. तिने वाकून माझा पडदा वाचला. मग आसारामला म्हणाली, "भाऊ, आज लिहून आलंय अंगठा जुळत न्हाई म्हनून. मागच्या दोन्ही खेपंला असं न्हवतं."

"मग काय हुतं?"

"नेटवर्क न्हाई, असं हुतं. आक्काच्या खांद्यावरून मी वाचलं हुतं. वाटलं, तुमी बघितलंच असंल."

"मी दिवा बघतो, बाई. लाल म्हंजी लाल," आसाराम म्हणाला.

झुंबरबाई आपल्या हाताकडे बघत राहिली.

"म्हंजी चांगला हुता माझा अंगठा," ती म्हणाली.

मित्रांनो, तिने मला शिवी दिली असती, दगडावर आपटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. तिने तसं काही केलं नाही. ती अंगठ्यालाच म्हणाली, "तुला उगंच घासलं बाबा." तेवढं ऐकून मला पुन्हा कधी हिरवा दिवा लावू नये असं वाटलं.

आसारामने तिला दगडावर बसवलं. तिचं एकेक बोट तो माझ्या काचेवर ठेवत गेला. उजव्या हाताची पाचही वाया गेली. डावा अंगठा गेला, दोन बोटं गेली. कोयता आणि मोळी यांनी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. डाव्या करंगळीच्या शेजारचं बोट मात्र कामातून कसंबसं वाचलं होतं. ते ठेवलं आणि हिरवा दिवा लागला. त्या महिन्याचं धान्य छगनने स्वतः तिच्या घरी पोचवलं. कार्डावरची नावं राहिली. पण मागच्या दोन महिन्यांचं धान्य परत आलं नाही, आणि तिने सोडलेल्या भाकरीही परत आल्या नाहीत.

पुढच्या ग्रामसभेत टॉवरसाठी अर्ज लिहिला गेला. आसाराम मला पुरावा म्हणून घेऊन गेला होता, म्हणून मी ते ऐकलं. ग्रामसेवकाने लिहिलं, की बऱ्याच लाभार्थ्यांचे ठसे जुळत नाहीत. झुंबरबाई उठून उभी राहिली. "असं लिवू नका," ती म्हणाली. "आमचे ठसे हायेत. तुमची रेंज न्हाई. तसं लिवा." ग्रामसेवकाने आधीची ओळ खोडली आणि ती म्हणाली तसं लिहिलं.

आज टॉवरचा लोखंडी सांगाडा गावाच्या माळावर उभा आहे. वीज जोडायची राहिली आहे. नवी डबीसुद्धा खिंडीतच जाते. पण एक गोष्ट बदलली. त्या दिवसानंतर लाल दिवा लागला की आसाराम आधी मला उचलून सावलीत धरायचा, चष्मा लावायचा आणि एकेक अक्षर जुळवत रांगेला ऐकू जाईल असं वाचायचा. "रेंज न्हाई. डबीचा दोष. बसा जरा." लोक पिशव्या अंथरून बसायचे, तंबाखू मळायचे, आणि कोणीही आपला हात पदराखाली घेत नसे. माझी बदनामी अशी चारचौघांत होई. ती मला हवी होती.

मित्रांनो, तुम्ही शिकता आहात. तुमच्या घरात, बँकेत, दवाखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ डब्या येतील. त्या सांभाळा, पुसा, पावसापासून जपा. आणि आपल्या गावाला पक्की रेंज मागा. मागायला लाजू नका. पण त्याहून मोठं एक काम तुमच्यावर सोपवते. यंत्र नाही म्हणालं, तर त्याने काय लिहिलं आहे ते मोठ्याने वाचा. समोरचा माणूस स्वतःच्या हाताकडे बघायला लागेल, त्याच्या आत वाचा.