माझ्या पेपरातलं तिचं वाक्य

घंटा झाली. बाकं सरकली, चपला जिन्यावरून खाली गेल्या. आता माझी चाळीस मिनिटं. मला दिसत नाही, म्हणून दोन तासांच्या पेपराला जादा मिळणारी.

खोलीत तिघं. मी. माझी लेखनिक दिशा, अकरावीतली, आमच्याच गल्लीतली. मी सांगते, ती लिहिते. आणि खुर्ची करकरवणारे वाल्मीक सर.

"झालं का, आरोही?"

"नाही सर."

उरली अडतीस.

"दिशा, चौथ्याचं उत्तर वाचून दाखव."

ती वाचते. भरभर. फारच भर—

"थांब. शेवटचं वाक्य परत."

"'दुष्काळी कामांवर बायकांना मजुरी कमी मिळे, त्यामुळे...'"

"हे मी सांगितलं?"

पेनाचं टोपण उघड-बंद, उघड-बंद.

"तू विसरलीस, ताई," ती कुजबुजते. "पुस्तकात होतं. दोन मार्क गेले असते ना!"

दोन महिने तीच मला पुस्तक वाचून दाखवत होती. पाठ तिला झालंय.

मागच्या वेळी पास झाले तेव्हा वर्गातला संतोष म्हणाला होता, पार्टी लेखनिकाला द्या. सगळे हसले. मीही. आणि आता—

"काय खुसुरफुसुर चाललीय?"

"काही नाही सर."

सरांना सांगितलं तर दिशा बाहेर, पेपर रद्द. नाही सांगितलं तर संतोष खरा.

"खोड," मी म्हणते.

"अगं पण बरोबर आहे ते!"

"खोड. आणि पहिल्यापासून वाच. हळू."

"मला दिंडोरीची बस गाठायचीय," सर.

"सर, अजून एकतीस मिनिटं आहेत."

ती वाचते. हे माझं. हेही. हे तिचं, खोड. दुसऱ्या प्रश्नात एक वाक्य येतं, इतकं नेटकं की अंगावर काटा. माझं? मी असं कधी बोलते?

"खोड."

"ताई, हे—"

"खोड म्हटलं ना!"

पेन कागदावर खरखरतं. मग नाक ओढल्याचा आवाज.

"आईशप्पथ, ते तुझंच होतं."

उरली सहा. किल्ल्या वाजतात. सर उभे राहिलेत.

"मग लिही परत."

"मला नाही आठवत आता. खोडलेलं वाचताच येत नाहीये. तूच सांग."

मलाही आठवत नाही. मी सांगायला लागते, अडखळत, वेगळंच काहीतरी, आणि ती एकही शब्द न बदलता लिहीत राहते.