सफरचंदाचा गर आणि माझी कलई

मित्रांनो, स्वतःबद्दल बोलण्याआधी गुरुसिद्धप्पांचा फायदा मांडते. माझी सगळी गोष्ट त्या फायद्यापायीच घडली. आठ दिवसांत बायकोच्या पोटात चार घास जातायत एवढं दाखवता आलं, तर त्यांना मिळणार होता सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतला घरापुढचा कट्टा, कट्ट्यावर रोज जमणारी तीन रिकामी माणसं आणि सोमवारचं सिद्धेश्वराचं दर्शन. नाही दाखवता आलं, तर पुण्यात लेकीच्या घरी नवव्या मजल्यावरची एक खोली. खोली हवेशीर होती. पण अप्पांना हवा नको होती, कट्टा हवा होता.

मी त्यांच्या घरातली जुनी पितळी पातेली. त्यांच्या बायकोच्या, सुंदरम्माच्या लग्नात तिचे वडील निंगप्पा यांनी मला दुधनीच्या बाजारातून आणलं. तराजूत घातलं, बोटानं वाजवलं आणि म्हणाले, "बूड जाड हाय. दम धरंल. आमच्या पोरीगत." माझ्या काठावर टिंबाटिंबांनी तिचं नाव कोरलं आणि आम्ही दोघी सोलापूरला सासरी आलो.

पुढची पंचवीस वर्षं मी चुलीवर आणि मग गॅसवर काढली. गव्हाची गोड खीर, म्हणजे हुग्गी, माझ्यातच शिजायची. जेवणारे म्हणायचे, "सुंदरम्माच्या हाताला चव हाय." तारीफ तिला, काजळी मला. तक्रार नाही, नुसती नोंद करते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पितळेत आंबट शिजवलं की ते कळकतं. चव कडवट होते, रंग हिरवट होतो आणि पोटालाही ते वाईट. म्हणून माझ्या आत कथलाचा पातळ पांढरा थर दिलेला असे. तीच कलई. दर वर्षी श्रावणाआधी कलईवाले चाचा गल्लीत भाता मांडायचे आणि मला निखाऱ्यावर धरून आतून चांदीसारखी करून द्यायचे. सुंदरम्मा मला बाहेरून चिंचेनं घासायची, आतून मात्र मऊ फडक्यानंच पुसायची.

मग घरात स्टील आलं. मी जड झाले. म्हणजे वजन तेवढंच होतं, हात बदलले होते. एका जुन्या चादरीत गुंडाळून मला माळ्यावर ठेवलं. तिथं मी बरीच वर्षं होते. कलई थोडी विटली, पण शाबूत होती.

यंदा सुंदरम्माचे उरलेसुरले आठ दात काढले. कवळी बसायला महिना लागणार होता. पेज, खिमट, पुन्हा पेज. चौथ्या दिवशी तिनं वाटी सरकवून दिली आणि सातव्या दिवशी मोरीत चक्कर येऊन बसली. डॉक्टर म्हणाले विश्रांती. पुण्याहून लेक महेश्वरी फोनवर म्हणाली, "अप्पा, पुढच्या रविवारी येते. अव्वा धड खात नसली तर दोघांना गाडीत घालून नेणार. मग कट्टा बिट्टा काही ऐकायची नाही."

फोन तिच्या पोरीनं, सृष्टीनं, ओढून घेतला. "आज्जा, तू ॲपलसॉस कर ना आज्जीला. सोप्पं आहे."

"सॉस? वड्यावर घालत्यात ते?"

"नाही रे! सफरचंद सोलायचं, फोडी करायच्या, थोड्या पाण्यात शिजवायचं, घोटायचं. झालं."

अप्पांनी चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलं होतं. स्क्रूचे सगळे नंबर त्यांना तोंडपाठ होते. साखरेचा डबा कुठला ते माहीत नव्हतं. तरी त्यांनी सफरचंदं आणली, स्टीलच्या पातळ पातेल्यात चढवली आणि पाच मिनिटं म्हणून कट्ट्यावर गेले. कट्ट्यावरची पाच मिनिटं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. धूर बाहेर आला तेव्हा ते उठले. जळकं पातेलं त्यांनी दाराआड लपवलं.

"जाड बुडाचं पायजे," ते स्वतःशी म्हणाले, आणि त्यांना मी आठवले.

खोटं कशाला बोलू, चादर सुटली तेव्हा मला फार आनंद झाला. त्यांनी मला चिंच लावून बाहेरून लखलखीत केलं. मग आत डोकावले. "अबब! केवढी पांढरी घाण साचलीया!" दुकानाचं उरलेलं सामान अजून घरात होतंच. त्यातला पॉलिशपेपर आणून ते मांडी घालून बसले आणि सगळी दुपार माझी कलई खरवडत राहिले. पातेलीला ओरडता येत नाही. दुपार संपली तेव्हा मी आतबाहेर पिवळीधमक होते आणि अप्पा कपाळाचा घाम पुसत होते. एवढं कष्टाचं काम त्यांनी या घरात कधी केलं नव्हतं, आणि ते असं.

माझ्यात सफरचंदं शिजली. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून वर लिंबू पिळलं. या खेपेला ते हलले नाहीत, पळीनं घोटत राहिले. गर हिरवट दिसला, तर म्हणाले, सालीचा रंग उतरला असंल. साली त्यांनी काढल्या होत्या.

सुंदरम्मानं चमच्याचं टोक जिभेला लावलं आणि लगेच थुंकली.

"कळकलंय. कशात केलं?"

"तुझ्या पातेलीत की. घासूनपुसून. आतनं सुदीक सोन्यागत केलीया."

"आतनं? आना बगू हिकडं."

मला तिच्यापुढं धरलं. तिनं आत पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. मला वाटलं, रडेल. ती हसायला लागली. टाके दुखत होते म्हणून तोंड पदरानं दाबून हसत होती. "पंचवीस वर्सं जपली मी हिची कलई. आन तुमी एका दुपारी बोडकी केली व्हय हिला!"

"मला काय म्हाईत?"

"तेच की. तुमाला काय म्हाईत!"

हिरवट गर अप्पांनी मोरीत ओतला. तो गुरुवार होता.

शुक्रवारी ते मला पिशवीत घालून कलईवाल्या चाचांना शोधत फिरले. गल्लीत येणं चाचांनी कधीच सोडलं होतं. बाजारामागच्या बोळात ते एकटे उरले होते. त्यांनी माझ्या आत बोट फिरवलं. "अप्पा, ये किसने करा?"

"घरातल्यांनी," अप्पा म्हणाले.

चाचांनी मान वर केली नाही. "औरत का हाथ नै ये. पॉलिशपेपर है. दुकानवाले का हाथ है."

अप्पांनी घसा खाकरला आणि भाता स्वतः फिरवायला घेतला. मी निखाऱ्यावर तापले, चाचांनी नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकली आणि कापसाच्या एका फेऱ्यात मी पुन्हा आतून उजळले. अप्पा तोंड उघडं टाकून बघत होते. पंचवीस वर्षं बायकोच्या हातचं जे जेवत होते, त्याच्या तळाशी काय होतं ते त्यांनी आज पाहिलं.

शनिवारी सुंदरम्मा स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली. "फोडी बारीक करा. एवड्या न्हाय, माझ्या तोंडात दात कुटं हायत? झाकन ठेवा. जाळ बारीक. आता गूळ. साकु, साकु, बास! घोटा." गर पिवळसर, मऊ झाला. तिनं एक वाटी खाल्ली. मग बोटानं वाटी पुसली आणि पुढं केली. अप्पांनी दुसरी वाटी वाढताना पळी दोनदा माझ्या काठावर आपटली.

रविवारी महेश्वरी आली. दाराआडचं जळकं पातेलं तिला पहिल्या पाच मिनिटांत सापडलं. आई खाते आणि बाप वाढतो, हे दुपारभर बघत राहिली. संध्याकाळी पर्स उचलून म्हणाली, "राहा इथंच. पण रोज फोन."

लेक माहेराहून रिकाम्या हातानं जात नाही आणि भांडंही रिकामं देत नाहीत. सुंदरम्मानं उरलेल्या गरासकट मला तिच्या हातात दिलं.

"अव्वा, डब्यात दे की. ही तुझी लग्नातली."

सुंदरम्मा तिच्या कानाशी वाकली. "न्हे गं. हितं ऱ्हायली तर हे परत घासत्याल."

पुण्यात गर सृष्टीनं एका बैठकीत संपवला. इथल्या ओट्यावर इंडक्शनची काचेची सपाट शेगडी आहे; पितळेला ती ओळखत नाही, कितीही वेळ ठेवा, तापत नाही. सध्या माझ्यात टीव्हीचे रिमोट राहतात. कलई मात्र नवी आहे.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण असेल तर तिला खाली घ्या. आतलं पांढरं ही घाण नव्हे, खरवडू नका. उडालेलं असलं तर कलईवाल्याकडे न्या. तो अजून कुठल्यातरी बोळात बसलेला असेल. आणि जे हात ती जपत आले, त्यांना आधी विचारा.

आता शेवटचा हिशेब. अप्पांना कट्टा मिळाला, सुंदरम्माला जेवण आणि स्वयंपाक करणारा नवरा, चाचांना एक गिऱ्हाईक. पुण्याला कुणाला तरी जायचंच होतं. मी गेले.