खंडेनवमीचा नारळ

आमच्या शिवतेजची एक खोड मला मुळीच सोसत नाही. काही बिघडलं की हा आधी अंगावरचा सदरा झटकतो आणि मग दुसऱ्याचं नाव घेतो. पोटचा आहे म्हणून झाकून ठेवणाऱ्यातली मी नाही. पुण्याला शिकला, टाय बांधायला शिकला. बाकी काय शिकला ते अजून दिसायचं आहे.

आमच्या मालकांनी, शिवतेजच्या वडलांनी, फौजेतून सुटून आल्यावर इस्लामपुरात एका लेथवर कारखाना मांडला. त्यांच्या माघारी मी चालवते. आता कॉम्प्युटरवरचं मशीन आहे, पंपाचे भाग कापणारं. ते मिलिंद सांभाळतो.

यंदा नवरात्रात मी औंधला यमाईच्या पायाशी होते. मिलिंद दरसालप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा शिवतेजनंच उरकली. दसरा झाल्यावर मी परतले. कामगार मशीन सुरू करायला गेले, तर पडदा काळा आणि कॉम्प्युटरच्या पेटीत नुसती टकटक.

"मिलिंदचं काम," शिवतेज म्हणाला. "जाताना फ्लॉपी घातली होती त्यानं. व्हायरस सोडला. पूजेला थांबायचं सोडून नागपूरला पळतोय!"

आणि मला न विचारता त्याला कामावरून काढून मोकळा.

मिलिंदची आई जाईबाई आली ती पायरीवरच थांबली. "आक्का, मशीन बिघडवलं आसं नाव झाल्यावर माज्या पोराला दुसरं कोण दारात उभं करंल?"

"आधी आत ये, बस. मशीन बघणारी पुण्यासनं येतीया. तिचं ऐकू, मग बोलू."

आली ती नीलिमा नावाची पोरगी. तिनं पेटी उघडून तळहाताएवढी डबी काढली. "हार्ड डिस्क, काकू. मशीनची सगळी आठवण हिच्यात." ती स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली, तिथंही तीच टकटक. मग आपली चांगली डिस्क तिनं आमच्या मशीनला लावली. पडदा लख्ख उजळला.

"मशीन धड आहे, वायर धड आहे. डिस्कच गेलीय."

"व्हायरसनंच ना?" शिवतेज पुढं सरसावला.

"व्हायरसनं आतला मजकूर बिघडतो, अशी टकटक होत नाही. आत चकती गरगर फिरते, तिच्या अगदी जवळ, पण न टेकता, एक सुई असते. फिरत असताना दणका बसला की सुई चकतीवर आपटते. या पेटीवर काय आदळलं होतं?"

शिवतेज टाय सारखा करायला लागला. मी पेटीला वळसा घातला. कोपऱ्याला पोचा, पोच्यात कुंकू, आणि फटीत नारळाची शेंडी. मालक नारळ दारातल्या दगडावर फोडायचे.

"मशीन चालू हुतं?" मी विचारलं.

"पडदा उजळलेला असला की फोटो चांगला येतो, आई."

"मग लेथवर का न्हाई फोडलास?"

"हे सगळ्यात महागाचं ना."

नीलिमानं तोंड फिरवलं. कामगार ऐकत होते. ऐकू देत, म्हटलं.

"शिवतेज, चालत्या यंत्राच्या टाळक्यात नारळ तू घातलास, आन खापर गावात नसलेल्या माणसावर. व्हायरस म्हणं! आत्ताच्या आत्ता जाईबाईच्या दारात जा. शेजारीपाजारी ऐकत्याल आसं मोठ्यानं सांग, चूक माजी हाय म्हणून. मिलिंद आला तर त्याच्या हाताखाली काम शिक. न्हाई आला, तर तूबी हितं येऊ नगंस."