पिवळ्या दाराची फुलं

मित्रांनो, आधी काय ते नाक मुरडून घ्या, म्हणजे मला निवांत बोलता येईल. मी एक जुनी टोपली आहे. कड उसवलेली, एका अंगाला कललेली, आणि पावसाळी हवेत अजून थोडा मासळीचा वास मारणारी. पण माझ्याएवढी फुलं तुमच्यापैकी कोणी अंगाखांद्यावर खेळवली असतील, तर पुढे या!

माझा जन्म दक्षिणेकडच्या खजुराच्या बागांतला. कोवळी पानं वाळवून, भिजवून एका म्हातारीने मला विणलं. विणताना ती सुनेच्या नावाने अखंड बोटं मोडायची. त्यामुळे माझी वीण घट्ट बसली आणि जीभही जरा तिखट झाली. मग एका ट्रकातून मी उत्तरेला बीर-तूत गावात आले. गाव टोमॅटोचं, मिरचीचं आणि नारिंगाच्या बागांचं. तिथे मला एका मासेवाल्याने घेतलं आणि माझ्यात तारली भरली. मासळीबद्दल माझी तक्रार नाही हो, पण खजुराच्या बागेत जन्मलेल्या लेकीने किती सोसायचं!

त्या हालांतून मला सोडवलं धहबियाने. तिने आठवडी बाजारात मला पाहिलं, उचलून उलटंपालटं केलं आणि घरी नेऊन लिंबाने घासलं. दोन्ही कड्यांना नवा दोर बांधला. तिचे ते खरखरीत हात आठवले की अजून माझं मन भरून येतं.

धहबियाने टोमॅटोच्या वजनकाट्याशेजारी फुलांचं दुकान थाटलं होतं. ट्रॅक्टरवाले पोट धरून हसायचे.

"अगं धहबिया, इथे शेळ्या गुलाब खातात, आणि तू ते विकणार?"

"शेळ्यांना फुकट," ती म्हणायची, "तुम्हाला विकत."

पहिले काही महिने फुलं सुकत राहिली. मग तिने भिंतीवर रंगाने लिहिलं, 'फोन करा, फुलं घरपोच', आणि खाली आकडे. गावातल्या कोणी फोन केला नाही. ज्याच्या अंगणात फुलतंय तो कशाला करील? फोन आले ते गाव सोडून गेलेल्यांचे. कोणी राजधानीत, कोणी समुद्रापार. त्यांना आईच्या, बहिणीच्या, आजारी मास्तरांच्या दारात इथलीच फुलं जायला हवी होती. ती मी नेली. धहबियाचा दीर हस्सूना स्फाक्स शहरातून मदतीला आला होता. त्याच्या खोकणाऱ्या मोपेडला मला बांधायचं आणि निघायचं. उन्हाळ्यात मोगऱ्याचे घट्ट बांधलेले तुरे, हिवाळ्यात लाल कार्नेशन, वसंतात गुलाब. वा, काय दिवस होते ते!

आणि एक सांगायलाच हवं. त्या गावात भरून आलेली टोपली रिकामी परत पाठवत नाहीत. फुलं काढून घेतली की माझ्यात काहीतरी पडायचंच. मातीच्या भट्टीतली गरम ताबूना रोटी, अंडी, मूठभर मिरच्या, लिंबं. एका कंजूष बाईने एकदा एकच कांदा टाकला होता. हस्सूना वाटभर हसत होता. पण रिकामी मी कधीच आले नाही. याच रीतीमुळे पुढचं सगळं घडलं.

तुतीच्या गल्लीत समोरासमोर दोन घरं होती. एकात मन्नूबिया, थोरली, मूलबाळ नसलेली. दुसऱ्यात अल्जिया, धाकटी. सख्ख्या बहिणी. दोघींच्या दारांना त्यांच्या वडिलांनी एकाच डब्यातला पिवळा रंग दिलेला. आई गेल्यावर वाटणी झाली आणि भांडण लागलं ते तिच्या तांब्याच्या भांड्यावरून. नारिंगाच्या फुलांचा अर्क काढायचं ते भांडं. खाली हंडा, वर नळीचा घुमट. दोघींपैकी कोणी माघार घेईना. शेवटी हंडा मन्नूबियाने उचलला आणि घुमट अल्जियाने. आईने लावलेलं नारिंगाचं झाड अल्जियाच्या अंगणात राहिलं. आता सांगा, नुसत्या हंड्यात काय शिजणार, आणि नुसता घुमट काय डोक्यावर घालून फिरायचा? दर वसंतात झाड फुलायचं आणि फुलं झाडूने गोळा व्हायची. दोघीही बाजारातून अर्काची बाटली पदराआड लपवून आणायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, "घरचाच हो!"

वर्षं गेली. अल्जियाच्या रीमचं लग्न ठरलं. त्या घराची रीत अशी, की मेंदीच्या दिवशी नवरीच्या हातांवर घरच्या झाडाचं फुलपाणी, म्हणजे तोच अर्क, शिंपडायचं. आजीच्या हातावर पडलं, आईच्या पडलं. रीम आईपाशी हटून बसली.

"उम्मी, मला बाजारची बाटली नको. मन्नूबिया मावशीला बोलाव."

"तिला पाय नाहीत? तिने यावं."

"तिला बोलावणं नको का?"

"सख्ख्या भाचीच्या लग्नाचं बोलावणं लागतं का?"

समोर मन्नूबियाही शेजारणींना हेच ऐकवत होती, की बोलावल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. त्यात अल्जियाने लग्नासाठी घर रंगवलं आणि दार निळं करून टाकलं. बहिणीशी नातं सांगणारा तेवढाच एक रंग राहिला होता, तोही गेला. मन्नूबिया त्या दिवशी खिडकीतून बराच वेळ बघत होती. गल्लीतल्या बातम्या आम्हा टोपल्यांना फुकट मिळतात, म्हणून ठाऊक.

मेंदीला थोडेच दिवस उरले असताना दुकानात फोन वाजला. अल्जियाचा थोरला मुलगा लमजद परदेशातून बोलत होता. त्याला सुट्टी मिळत नव्हती आणि आई त्यावरून रुसली होती.

"आईसाठी ना? बरं, बरं," धहबिया फोनवर ओरडत होती. "तुतीची गल्ली... दार कुठलं? पिवळं. आणि निरोप काय द्यायचा?"

त्या गावात घरांना आकडे नसतात. दाराचा रंग हाच पत्ता. आणि लमजदच्या डोळ्यांपुढे लहानपणीचं पिवळं दारच होतं. ते निळं झालंय हे त्याला बिचाऱ्याला काय माहीत! दुकानात अडकलेल्या धहबियालाही ठाऊक नव्हतं.

धहबियाने पांढरे गुलाब आणि कार्नेशन माझ्यात रचली आणि हस्सूनाला सांगितलं, "तुतीच्या गल्लीतलं पिवळं दार. लमजदने पाठवलीत. म्हणावं, रागावू नकोस, तू हसलीस तरच लग्नाला शोभा."

मी ऐकलं होतं ना, 'आईसाठी'! मला तोंड असतं तर मी मोपेडवरच बोंब ठोकली असती. हस्सूना पडला बाहेरगावचा. इथली भांडणं त्याला पाठ नव्हती. गल्लीत एकच पिवळं दार उरलं होतं. त्याने तेच वाजवलं.

मन्नूबियाने दार उघडलं. हस्सूनाने घसा खाकरून निरोप म्हटला. "बाई, लमजदने पाठवलीत. म्हणाला, रागावू नकोस, तू हसलीस तरच लग्नाला शोभा."

तिने आधी फुलांकडे बघितलं, मग समोरच्या निळ्या दाराकडे. मग मला आत नेलं. फुलं एकेक करून पाण्यात ठेवली, आणि रडली हो. मी तिच्या पायाशीच होते.

आता टोपली रिकामी कशी पाठवायची? तिने रोटी घातली, काढली. अंडी घातली, काढली. मग स्टूल ओढून कपाटावरून आईचा हंडा खाली घेतला. लिंबू आणि राख लावून खसाखसा घासला. काय लखलखला! तो तिने माझ्यात ठेवला आणि माझी एक कड कर्रकन उसवली. दुखलं मला, खोटं कशाला बोलू? पण ओरडावंसं वाटलं नाही.

"हे समोर, निळ्या दारात दे," ती हस्सूनाला म्हणाली. "फुलांचं परतीचं आहे म्हणून सांग."

हस्सूना मला पोटाशी धरून गल्ली ओलांडून गेला. अल्जियाने दार उघडलं आणि माझ्यातला हंडा बघून मटकन उंबऱ्यावर बसली.

"हे... हे कुठून आलं?"

"समोरून. लमजदने फुलं धाडली होती ना, त्याचं परतीचं."

"कसली फुलं? मला कुठे आली फुलं?" मग तिची नजर समोरच्या पिवळ्या दारावर गेली आणि तिच्या ध्यानात आलं. "अरे देवा! माझ्या पोराची फुलं हिच्या घरी गेली!"

रीम मागून धावत आली. "उम्मी, आता एक शब्द बोललीस तर बघ! फुलं राहू देत तिकडे. हंडा आलाय, हंडा!"

"मी खोट्यावर पोरीचं लग्न लावणार नाही," अल्जिया म्हणाली. आता ही हंडा परत करणार, मला वाटलं. रीमचा चेहरा एवढासा झाला होता.

पण अल्जिया उठली, हंडा बाजूला काढून मला उचललं आणि अंगणात गेली. नारिंगाचं झाड फुलांनी वाकलं होतं. तिने चादर पसरून फांद्या हलवल्या, फुलं माझ्यात काठोकाठ भरली, वर तो घुमट ठेवला आणि मला कमरेवर घेऊन स्वतः निघाली. उसवलेल्या कडेतून वाटभर फुलं सांडत होती. शेजारणी खिडक्यांना लटकल्या होत्या.

पिवळं दार उघडलं. दोघी समोरासमोर. इतक्या वर्षांत इतक्या जवळून पहिल्यांदाच.

"ती फुलं माझी होती," अल्जिया फाडकन म्हणाली. "पोरगं चुकलं. मी दार निळं केलं हे त्याला ठाऊक नव्हतं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून आले."

"माहीत होतं मला," मन्नूबिया म्हणाली.

"माहीत होतं?"

"तुझ्या पोराने जन्मात कधी मला फोन केलाय? दार वाजलं तेव्हाच कळलं, फुलं तुझी आहेत."

"मग घेतलीस कशाला, लबाड?"

"मला काहीतरी निमित्त हवं होतं गं," मन्नूबिया म्हणाली.

अल्जियाने मला खाली ठेवलं आणि बहिणीला मिठी मारली. "वाळलीस किती! काही खातेस की नाही?" "आणि तू केवढी सुटलीस!" असं बोलत दोघी तिथेच रडत राहिल्या. रडू आवरल्यावर लगेच दुसरं भांडण सुरू झालं, चूल कोणाच्या अंगणात पेटवायची म्हणून. ते मात्र मला गोड वाटलं.

मेंदीच्या दिवशी रीमच्या हातांवर घरच्या झाडाचं फुलपाणी मन्नूबियाने शिंपडलं. एक बाटली माझ्यातून धहबियाकडे गेली. तिने लमजदच्या आईसाठी पुन्हा फुलं पाठवायची तयारी दाखवली, तर तो फोनवर म्हणाला, "धहबियाताई, पत्ता तसाच राहू द्या. पिवळं दार."

पुढे प्लास्टिकच्या खोक्यांचे दिवस आले. त्यांना कड नसते, वास नसतो, काही नसतं. माझी उसवलेली कड बघून धहबियाने मला खुंटीला टांगलं. एका कोंबडीने माझ्यात अंडी उबवली, तोही मी मानच समजले. थोडं वाईट वाटलं, पण रुसू कोणावर? मासळीतून फुलांत आले, आणखी काय हवं! मग एक दिवस रीम आली आणि मला धहबियाकडून मागून आईच्या घरी घेऊन गेली.

म्हणून मित्रांनो, जुनी टोपली फेकू नका, दोन टाके घाला. आणि ती कोणाकडून तुमच्या दारात आली, तर रिकामी धाडू नका. हंडाच हवा असं नाही, एक कांदाही चालेल.

आता वर्षातून एकदा, नारिंग फुललं की मला खाली काढतात. दोघी म्हाताऱ्या मला झाडाखाली नेतात. एक कडी अल्जियाच्या हातात, एक मन्नूबियाच्या. उसवलेली बाजू मन्नूबिया कोणाला धरू देत नाही. म्हणते, "मी फाडलीय, मीच धरणार."