वालेंतीचा उंबरठा

आमच्या ओल्शिंकी गावात माणूस गेला की घराबाहेर काढताना त्याची शवपेटी उंबरठ्यावर तीनदा टेकवतात. मेलेला घराचा निरोप घेतो. तेवढं झाल्याशिवाय तो सुटत नाही, असं आम्ही मानतो.

माझे वडील वालेंती गेले. चौघांनी पेटी उचलली, तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली.

"या उंबरठ्यावर नाही."

"आई, चर्चमध्ये फादर ताटकळलेत," माझा भाऊ झेनोन म्हणाला. "अख्खं गाव बघतंय."

"बघू दे. गावाला काय ठाऊक नाही? जा, पहार आण."

गावाला ठाऊक होतंच. महायुद्धात जर्मनांनी आमच्या गावातले ज्यू नेले, त्यातलं कोणी परत आलं नाही. मग टेकडीवरच्या त्यांच्या कबरींचे दगड लोकांनी गाड्या भरभरून आणले. फुकटचा दगड कोण सोडतो? बाबांनीही एक आणला आणि अक्षरं खाली करून उंबरठा म्हणून दारात बसवला. चाळीस वर्षं दर शनिवारी मी तो राखेने घासला. मला माहीत होतं. लाज वाटायची, आणि तरी मी तो चकचकीत ठेवायचे.

"परवा मला म्हणाले, 'अपोलोनिया, तिच्यावरून मला बाहेर काढू नका,'" आई म्हणाली. "जन्मभर तुडवली, तेव्हा नाही सुचलं मेल्याला!" आणि ती रडायला लागली.

झेनोनने पहार घातली. दगड उलटला, तशा मातीतून कोरलेल्या मेणबत्त्या वर आल्या. ज्यूंच्यात मेणबत्त्या बाईच्या कबरीवर कोरत; म्हणजे हा बाईच्या कबरीचा दगड. खालची अक्षरं वाचणारं गावात कोणी उरलेलं नव्हतं.

मयताची गाणी म्हणणारी पेलाजियाकाकू पुढे आली. "अगं, मग निरोप कुठे घ्यायचा त्याने?"

"आधी तिची माफी मागू दे. निरोपाचं मग बघू."

दगड गाडीत पेटीशेजारी ठेवला आणि झेनोनने घोडे टेकडीकडे वळवले. मागे पन्नासेक माणसं होती. पायथ्याशी निम्म्याहून जास्त थांबली. कोणी बुटाची नाडी बांधायला लागलं, कोणाला दम लागला. कोणाच्या विहिरीच्या काठाला दगड आहे, कोणाच्या डुकरांच्या खोपटात, मला तोंडपाठ आहे. पेलाजियाकाकू मात्र वर आली. तिच्या अंगणातला धार लावायचा दगडही तिथलाच आहे.

वर नुसती काटेरी झुडपं माजली होती. दगड उतरवून त्याच्यासमोर गवतावर चौघांनी पेटी तीनदा टेकवली. आई दगडाशी वाकली.

"बाई, याला माफ करायचं की नाही, तुझं तू बघ."

झेनोनने फावडं उचललं आणि तसाच उभा राहिला. "आई, हा रोवायचा कुठे? हिची जागा कुठली?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मी पेलाजियाकाकूकडे. ती जागा ज्याला ठाऊक होती, तो पेटीत होता.