देवीपुढची गिटार

गोवा राज्य झालं त्या साली माझा धाकटा भाऊ गोकुळदास तुयेच्या कारखान्यातली नोकरी सोडायला निघाला. मुंबईच्या एका कंपनीला त्याची कॅसेट काढायची होती. गाणारं कुणी नाही, नुसती गिटार! बाबा म्हणाले, "देवीचा कौल घेऊ. उजवी पाकळी पडली तर जा, डावी पडली तर कारखाना."

पार्से गावच्या देवळात भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. सकाळ सरली तरी एकही पडेना. दोनची बस चुकली की रेकॉर्डिंग गेलंच. गोकुळदास गिटार पाठीला लावून नुसता येरझारा घालत होता.

मला राहवेना. "बाबा, देवीनं तरी त्याला कुठं ऐकलंय?"

भटजी हसले. "वाजव रे पुता!"

तो सभामंडपात बसला आणि अख्खं देऊळ सुरांनी भरून गेलं. बाबांची बोटं खांबावर ठेका धरू लागली. एकदम ते ओरडले, "अरे ऊठ, बस जाईल! पाकळीसाठी मी थांबतो."

आम्ही दोघं धावत सुटलो. बस मिळाली! पुढं त्याच्या अकरा कॅसेट निघाल्या, आमच्या पेडणे तालुक्यातल्या प्रत्येक लग्नात वाजल्या.

पाकळी कुठली पडली, ते मात्र बाबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.